कलाबाईचा पगार

— चहा होऊन राहिला, बसा तुमी दीपमाला मॅडम, पन आधी ही वही पाहा. माह्या नातीची, रक्षाची — सातवी ब, तुमचाच वर्ग. तुमी गुलामगिरीचा धडा शिकवला अन् लेकरांयले सांगितलं, घरी विचारून या, आपल्या घरी कोनी बिनपगारी राबलं काय. चांगलं केलं. रक्षानं लिहिलं, 'आमच्या घरी कलाबाई होती. ती घरच्यासारखी होती.' अन् तुमी त्याच्याखाली लाल शाईनं काय लिहिलं? 'पगार किती होता?' — हे काय विचारनं झालं? ते वाक्य मी सांगितलं होतं तिले. मी! चौतीस वर्सं इतिहास शिकवला मॅडम, पुंडलिक गुरुजी म्हटलं का एसटीचा कंडक्टर उठून जागा देते — अन् म्हातारपनी माह्या वाक्याखाली लाल शाई. खोडा ते. त्याच्यासाठीच बोलावलं तुमाले.

काय म्हनता? आकडा सांगा, मंग खोडते? — असा आकडा नसते मॅडम घरात. तुमी भंडाऱ्यात वाढलेल्या, तुमाले काय समजन. आईले कोनी पगार देते काय? आजीले देते? तशीच होती कलाबाई. माही आई सुलोचनाबाई, एकोडीची, मोठ्या घरची लेक. लग्नात माहेरानं आंदन दिलं — एक दुभती गाय, पानी भरायचे तांब्याचे दोन गुंड, अन् कलाबाई. नऊ वर्साची होती. — हाव, पोरगी. नवरीच्या हाताखाली पोरगी देत तवा, मोठ्या घरची रीतच होती. असं काहून पाहून राहिल्या? रीत म्हनजे रीत. गाय चार वर्सांत मेली. गुंड अजून आहेत. कलाबाई अठ्ठावन वर्सं राहिली.

मले तिनंच वाढवलं. सकाळी शेन, मंग सडा, मंग चूल. रोवना लागला का बांधीत उतरे, दिवसभर चिखलात वाकून धान लावे, अन् परत येऊन आमचाच सैपाक करे. सालाची दोन लुगडी. जेवन सगळ्यायच्या मागून — पन पोटभर, बरं! हात नाही लावला तिले कोनी. — एकदा आईनं. दोनदा. सोडा ते.

अन् मी वर्गात काय शिकवत होतो? जे पुस्तकात ते. जहाजं, साखळ्या, लिलाव. प्रश्न — गुलामगिरी कोठे होती? उत्तर मीच फळ्यावर लिहून देत होतो — समुद्रापलीकडे. पोट्टे उतरवून घेत, पैकीच्या पैकी मार्क. कोनी विचारलं नाही, गुरुजी, तुमच्या घरची ती बाई कोन? विचारलं असतं तं कान पिळला असता मी. शहात्तर साली वेठबिगारी बंद झाल्याचं परिपत्रक शाळेत आलं. मी नवीनच लागलो होतो, अक्षर चांगलं म्हनून हेडमास्तरनं मलेच बाहेरच्या फळ्यावर लिहायले लावलं. लिहिलं. सुंदर लिहिलं. खाली रंगीत खडूनं वेलबुट्टी काढली. अन् त्याच साली — जाऊ द्या. काही नाही. चहा घ्या तुमी, थंडा होऊन राहिला.

...तसं काही लपवायचं नाही. भंडाऱ्याजवळच्या कारध्याचा सेवकराम म्हनून होता एक, बायको मेलेली. आमच्या घराचे कवेलू फेरायले आला होता. सात दिवस तो छपरावर, अन् कलाबाई खालून कवेलू देऊन राहिली. आठव्या दिवशी त्यानं बाबाले हात जोडून मागनी घातली. बाबा म्हने, पाहू. आमच्या घरी पाहू म्हनजे नाही. पस्तिशीची बाई, समजली ती. एका सकाळी चुलीत विस्तव नाही — पाहतो तं कलाबाई नाही. बाबा मले म्हने, 'तुह्यं ऐकते ती, घेऊन ये.' मी सायकल काढली. लाखनीच्या स्टँडवर बसली होती, मांडीवर गठुडं घेऊन, भंडाऱ्याच्या गाडीची वाट पाहत. मले पाहून हासली हो! तिले वाटलं, मी निरोप द्यायले आलो. म्हने, 'बाबू, तू आला?' — अन् मी म्हटलं, आई पडली. शुद्ध नाही. तुह्यंच नाव घेऊन राहिली. तेवढ्यात गाडी लागली समोर. कंडक्टरनं घंटी दिली, गाडी गेली.

आई तं ओसरीवर बसून तांदूळ निवडत होती. कलाबाईनं पाहिलं तिच्याकडे, मंग माह्याकडे. गठुडं खुंटीले टांगलं, चूल पेटवली. मले शाळेत जायले उशीर झाला त्या दिवशी. तिसऱ्या तासाले हाच धडा होता मॅडम. पळून जानाऱ्या गुलामायच्या मागं कुत्रे सोडत, हे सांगता सांगता माह्या डोळ्यात पानी आलं. पोट्टे घरी जाऊन सांगत — गुरुजी किती मनापासून शिकवते! त्याच्यानंतर बत्तीस वर्सं जगली कलाबाई. बाबू म्हटलं नाही मले कधी. गुरुजी म्हने.

— काय? वर्गात येऊन सांगा? मी? अन् रक्षा बसून राहीन समोर, पहिल्या बाकावर? डोकं ठिकानावर आहे ना तुमचं? ...आना तो पेन इकडे. मीच लिहितो. 'पगार नव्हता.' अन् हे घरच्यासारखी-बिरच्यासारखी — हे पन खोडतो. झालं? शिकवा आता तुमच्या लेकरांयले, खुशाल शिकवा. एवढं पुरे. सायकलीचं नाही लिहायचं. — नाही म्हटलं ना! मी काही कुत्रे सोडले नाही कोनाच्या मागं. दोरीनं बांधून नाही आनलं तिले. गाडीचं दार उघडं होतं, ती स्वतःच्या पायानं चालत आली अन् बसली माह्या कॅरिअरवर, मले घट्ट धरून. — उठा तुमी. रक्षा येत असन ट्यूशनहून. उठा.