दर वाढले, हे सांगायचं कसं

...मेसेज पाठवलात? ठेकेदारसाहेब, कमाल करता! 'पार्टी'ला मेसेज टाकला म्हणे — आणि पार्टी काय म्हणता, घर बांधून घेणारी माणसं आहेत ती! 'सळई वाढली, सिमेंट वाढलं, वाढीव रक्कम भरा' — हे असं कळवायचं असतं? माणूस जेवताना वाचतो, घास घशात अडकतो, आणि तुम्ही ठरता चोर. हो, चोरच! दर वाढवले कारखान्याने, शिव्या खाणार तुम्ही. म्हणून तर माझ्याकडे आलात ना? उठा, त्या खुर्चीत मी बसते. समजा मी घरमालकीण, तुम्ही माझे ठेकेदार. माझी शिकवणी अशीच असते, आधी सगळेच लाजतात. हं, बोला.

नुसतं काय खाकरताय? बरं, मीच सांगते. आधी समोर बसायचं — उभ्या उभ्या नाही. काम सुरू केलं तेव्हाचं दुकानदाराचं बिल आणि आजचं बिल — आणलीत ना? — अशी शेजारीशेजारी ठेवायची. बोट ठेवून दाखवायचं — इथे वाढलं, इथे वाढलं, यात माझी मजुरी एक पैसाही वाढलेली नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही. आणि नुसतं रडगाणं नको, दोन वाटा द्यायच्या. थांबायचं असेल तर अशी, काम छोटं करायचं असेल तर अशी. मग गप्प बसायचं. हे सगळ्यात अवघड. समोरचा चिडेल, चिडू द्या —

माझ्या घरी काम करणारा ठेकेदारही असाच गप्प बसला. परवा. माझ्याच हाताखाली शिकलेला, त्यामुळे सगळं माझ्याच शब्दांत! बिलं शेजारीशेजारी, वाटा दोन, मजुरी तेवढीच. दहापैकी दहा मार्क. आणि मला वाटलं, उचलावं काहीतरी आणि घालावं याच्या डोक्यात! नाही हो, त्याची काडीचीही चूक नाही. घर पाहावं बांधून म्हणतात — आमचं तर अख्खं घरही नाही, एक खोलीच बांधतोय, मागच्या अंगाला, तळमजल्यावर. आमच्या ह्यांना आजारपणापासून जिना जमत नाही. वरच पडून असतात. खाली विटा उतरल्या त्या दिवशी हसले — एरवी न हसणारा माणूस! भिंती खिडकीपर्यंत आल्यात, आणि परवापासून काम बंद. थांबायचं, तर कुठवर? दर उतरतील याची हमी कोण देणार? आणि छोटं करायचं म्हणजे न्हाणीघरच आखूड होतं, चाकाची खुर्ची आत वळत नाही. मग त्या खोलीचं करायचं काय, सांगा ना! — जाऊ दे, तुम्ही कशाला सांगाल. माझं मलाच ठरवायचंय. ह्यांच्या कानावर घालायचंय, मग ठरवायचंय. रोज जिना चढताना ठरवते, आज बोलायचं, आणि वर गेलं की औषध देते, उशी सरळ करते, खाली येते. अख्ख्या गावाच्या ठेकेदारांना तोंड उघडायला शिकवते मी —

एक मिनिट हं, ह्यांचाच फोन, वरून. हं, बोला. ...नाही हो, काम कशाला बंद पडेल? आवाज नाही म्हणून? अहो, नव्या भिंतीला पाणी मारावं लागतं, चार दिवस मुरू द्यावी लागते. ...रंग? आत्तापासून? ...पिवळा? हो, पिवळाच देऊ. तुमची खोली, तुम्ही म्हणाल तो. ...हो. ...हो. येतेच.

काय बघताय, ठेकेदारसाहेब? बिलं उचला ती. झाली शिकवणी — या आता.