आधी तू कुलूप सोड

दातांच्या दवाखान्यात शेजारी-शेजारी बसून दोघी बहिणी नंबराची वाट बघत होत्या.

"बँकेचा डेटाबेस सांभाळतेस म्हणजे दिवसभर करतेस तरी काय गं?"

"हजारो माणसं एकाच वेळी नोंदींत हात घालतात, ताई. म्हणून जो ज्या नोंदीत काम करतोय, त्याला तेवढ्यापुरतं तिचं कुलूप मिळतं. कधीकधी दोघं आपापलं न सोडता एकमेकांच्या कुलपासाठी अडून बसतात."

"अगदी आमच्या घरासारखे! दीर म्हणतात, आधी दुकान सोड. हे म्हणतात, आधी वरचा मजला सोड. मग तुमच्याकडे काय करतात?"

"डेटाबेस एकाला माघार घ्यायला लावतो. बहुतेकदा ज्याचं काम कमी झालंय, त्याला."

"वा! आमच्याकडे भांडले ते दोघे आणि माझी शिकवणीची खोली दिली दिरांना! म्हणे, तुझी चारच तर मुलं येतात!"

"तुला विचारलं नाही?"

"विचारतंय कोण! सकाळी फळा जिन्यात दिसला, तेव्हा कळलं. तुमच्याकडे तरी विचारतात का?"

"विचारत नाहीत. पण लगेच निरोप जातो, की तुला थांबवलंय, पुन्हा पहिल्यापासून सुरू कर."

"निरोप जातो?"

"प्रत्येक वेळी."

"मग बाबांनी मला त्या डेटाबेसच्याच घरी द्यायचं होतं!"