पुढचा ब्रेक

वडील : म्हणजे तू लिहून देणार नाहीस.

मेकॅनिक : ब्रेक फेल झाला असं नाही देणार, काका. झालाच नव्हता.

वडील : माझ्या मुलाची गाडी तुझ्याकडे सर्व्हिसिंगला होती. त्यानंतर चारच दिवसांनी तो टेम्पोवर आदळला आणि गेला. आणि तू मलाच सांगतोस, ब्रेक ठीक होते. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

मेकॅनिक : बोला, मी ऐकून घेतो. तुमच्यावर वेळच तशी आलीय. पण तसा कागद पोलिसांकडे गेला, तर उद्या ह्या गॅरेजला कुलूप लागेल.

वडील : लागू दे. माझ्या घराला लागलंच आहे. पोलीस म्हणतात, बेफाम चालवत असणार. शेजारी तोंडावर हळहळतात आणि पाठ फिरली की म्हणतात, हल्लीची पोरं, दुसरं काय. तो तसा नव्हता रे. मी तीस वर्षं कंपनीची बस चालवली, एक ओरखडा नाही. त्याला मोटरसायकल मीच शिकवली. पिवळा दिवा दिसला तरी थांबायचा. मागचे हॉर्न मारून शिव्या घालायचे, हा आपला ढिम्म.

मेकॅनिक : ते मला मान्य आहे. काल तुम्ही गाडी आणून टाकलीत, तेव्हापासून खोलून बघतोय. चेन बघा, क्लच बघा, कुठेही मस्ती केलेली नाही. चाळीसच्या वर नसणार तो.

वडील : मग चाळीसवरची गाडी थांबली का नाही? गल्लीतून टेम्पो मागे येताना लांबून दिसला होता त्याला. पानवाला सांगत होता, ह्याने ब्रेक मारलेला त्याने बघितलाय.

मेकॅनिक : वहिनी, तुम्ही जरा बाहेर बसता का?

सून : नाही. माझा नवरा होता तो. सांगा.

मेकॅनिक : (दोन सुटे भाग बाकड्यावर ठेवत) हे मागच्या ब्रेकचे लायनर. दोन वर्षांत तीनदा बदलले. हा जोड चार महिन्यांपूर्वीचा, तोही अर्धा झिजला. आणि हे पुढच्या ब्रेकचे पॅड. गाडी शोरूममधून आली तेव्हाचेच. हात लावून बघा.

वडील : नवे दिसतायत.

मेकॅनिक : नवेच राहिलेत. कधी वापरलेच नाहीत. रस्त्यावर मागच्या चाकाची काळी रेघ आहे, चांगली लांबलचक. चाक जागच्या जागी अडकलं आणि गाडी घसरत गेली. पुढचाही दाबला असता, तर मला वाटतं टेम्पोच्या अलीकडे थांबली असती. गाडी थांबवतो तो पुढचा ब्रेक, काका. मागचा नुसता सोबतीला.

वडील : पुढचा कोण दाबतो? माणूस तोंडावर आपटतो.

मेकॅनिक : तोही हेच म्हणाला. सर्व्हिसिंगला आला तेव्हा मी त्याला हेच पॅड दाखवले होते. हसला. म्हणाला, आमच्या घरात त्याला कोणी हात लावत नाही.

वडील : बरोबरच बोलला. माझा धाकटा भाऊ पुढच्या ब्रेकनेच हँडलवरून उडाला होता. समोरचे चार दात गेले त्याचे. म्हणून मुलाला शिकवताना मी त्या लिव्हरला फडकं गुंडाळून ठेवायचो. चुकून बोट गेलं की हातावर फटका. महिनाभर. काळजी होती म्हणूनच ना?

मेकॅनिक : वाळू असेल, वळण असेल, करकचून दाबला असेल. म्हणून काय तो कायमचा सोडून द्यायचा?

वडील : तू मला शिकवतोस? तीस वर्षं मी...

सून : बस वेगळी असते, बाबा.

वडील : तू मध्ये बोलू नकोस.

सून : नाहीच बोलले इतके दिवस. मी क्लासला जाऊन गाडी शिकले, तेव्हा तिथल्या बाईंनी पहिल्याच दिवशी दोन्ही ब्रेक एकदम धरायला लावले. घरी येऊन मी ह्यांना ते सांगितलं. आपण सगळे जेवत होतो. तुम्ही म्हणालात, आठ दिवस शिकलेली तीस वर्षं चालवणाऱ्याला अक्कल शिकवते. आई हसल्या, हेही हसले. मग मी भाजी वाढली आणि गप्प बसले. चुकलं माझं. ताट सोडून उठायला हवं होतं, भांडायला हवं होतं.

वडील : मला जे ठाऊक होतं तेच मी त्याला दिलं, पोरी.

सून : हो. आणि त्यांनी कधी तपासून बघितलं नाही. तुम्ही सांगितलं होतं ना.

मेकॅनिक : काका, बसा. पाणी घ्या.

वडील : पाणी नको. तो सावकाश चालवत होता, एवढं तरी लिहून दे.

मेकॅनिक : ते देतो. गाडी सावकाश होती, दोन्ही ब्रेक चालू होते.

वडील : आणि पुढचा वापरला नाही, ते?

मेकॅनिक : विचारलं तर सांगावं लागेल.

वडील : का वापरला नाही, तेही विचारतील.

मेकॅनिक : ते मला नाही विचारणार, काका.

वडील : राहू दे मग कागद. काही लिहू नकोस. चल, सूनबाई. माझ्या गाडीवर बस मागे. सावकाश नेतो.

सून : तुम्ही व्हा पुढे, बाबा. मी चालत येते.