आईची शेवटची कुपी

बाबा : म्हणजे ती अजून जिवंत आहे म्हणतेस?

लेक : आई नाही, बाबा. तिच्या रक्तातल्या पेशी. माझ्या प्रयोगासाठी तिनं रक्त दिलं होतं ना, त्यातली ही शेवटची गोठवलेली कुपी.

बाबा : सुई बघून डोळे मिटायची. तुझ्यासाठी मात्र हात पुढे केला.

लेक : प्रयोग पुरा करायचा तर वितळवावी लागेल. मग चार दिवस जगतील फार तर. तुम्ही नको म्हणालात तर राहू दे. म्हणून तर बोलावलं.

बाबा : राहू दिली तर?

लेक : गोठवायच्या टाकीत पडून राहील. वर्षानुवर्षं.

बाबा : थंडीत. तिला पंखासुद्धा सोसायचा नाही. आणि वितळवून काय दिसणार?

लेक : या पेशींच्या अंगावर बारीक हात आहेत असं समजा. समोरच्या पेशीवरची साखर चाचपतात. ओळखीची लागली की गप्प बसतात, आपलंच माणूस म्हणून. मी चमकणारी साखर सोडते. त्यांनी धरली की हिरवं दिसतं.

बाबा : माझं रक्त घाल की तिच्यात. बघू ओळखते का.

लेक : साखर ओळखेल, ती सगळ्या माणसांची सारखीच. पण तुमच्यातल्या दुसऱ्या पेशी तिला परकी समजून भांडण काढतील.

बाबा : भांडतील? मग तर आमच्याच.

लेक : बाबा, पुरे.

बाबा : घरात कुणी ओरडतच नाही गं माझ्यावर. साखरेच्या डब्याचं झाकण मुद्दाम उघडं ठेवतो. मुंग्या येतात, ती येत नाही.

लेक : मलाही फार आठवते. हात धजतच नव्हता. पुढच्या आठवड्यात करू, पुढच्या आठवड्यात करू, अशा थापा मारत आले सगळ्यांना.

बाबा : वितळव. तुझं काम व्हावं म्हणून दिलं तिनं. जपून ठेवायला नाही.

(लेक कुपी कोमट पाण्यात धरते, मग पेशींवर चमकणारी साखर सोडते. बऱ्याच वेळानं खोलीतला दिवा मालवून बाबांना सूक्ष्मदर्शकापाशी बसवते.)

बाबा : सगळं काळंच आहे.

लेक : डोळा हलवू नका. हे चाक हळू फिरवा.

बाबा : थांब. आलं. हिरवं, कडेकडेनं.

लेक : धरलीय तिनं साखर.

बाबा : सोडेल कधी?

लेक : लगेच नाही सोडणार.

बाबा : मग खुर्ची जरा पुढे सरकव माझी. तू तुझं काम कर.