आमच्या जैतुनाखाली गाणं का नाही

बेलाईद : मल्हा, खरं सांग. मी मेलोय का?

मल्हा : अहो, काहीतरीच काय! सकाळी सकाळी असं अभद्र बोलू नये. कॉफी घ्या, निवतेय.

बेलाईद : म्हणजे तू अजून विधवा झाली नाहीस.

मल्हा : तुमच्या जिभेला काही हाड आहे का? सदतीस वर्षं संसार केला, पण हे असलं बोलणं काही सुटलं नाही.

बेलाईद : ये इकडे, खिडकीशी. खाली आपल्या बागेत बघ. काय दिसतंय?

मल्हा : माणसं दिसतायत.

बेलाईद : माणसं? अख्खा गाव आहे तिथं! जाळ्या अंथरल्यात, शिड्या लावल्यात. त्या इद्दीर सुताराची स्वतःची झाडं लगडून वाकलीत, आणि तो माझ्या झाडावर चढून जैतून काढतोय. का?

मल्हा : मदतीला येतात माणसं. तिविझी आहे ती. तुम्ही काय आज जन्मलात या गावात?

बेलाईद : मला तिविझी शिकवू नकोस. गावकीचा प्रमुख होतो मी. कुणाच्या घराचा स्लॅब पडायचा असला, की तो माणूस चावडीवर येतो, गावाला बोलावतो, मग गाव जातं. आणि त्याची बायको पहाटेपासून कुसकुस शिजवते. तू शिजवलंस?

मल्हा : नाही.

बेलाईद : मी बोलावलं?

मल्हा : नाही.

बेलाईद : ते बघ, भिंतीवर त्यांच्या फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या. स्वतःची भाकरी घेऊन, न बोलावता, गाव एकाच घरी जातं. ज्या घरचा कर्ता गेलाय, नाहीतर पुन्हा उठणार नाही असं चावडीला कळलंय. म्हणून विचारतोय. गेलोय तर नाही, कॉफी कडू लागतेय. मग दुसरं काय?

मल्हा : तुम्ही अंथरुणावर आहात, आतड्याला सूज आहे, हिवाळा तोंडावर आलाय. जैतून झाडावर काळं पडायला लागलं. लोकांनी पाहिलं आणि आले. लोकांनी चांगुलपणा केला तरी तुमची कटकट!

बेलाईद : सूज.

मल्हा : सूजच.

बेलाईद : मग बायका गात का नाहीत?

मल्हा : कोण?

बेलाईद : खाली एवढ्या बायका वाकून जैतून वेचतायत. आपल्या गावात दोन बायका एका झाडाखाली आल्या की तिसऱ्या घराची चेष्टा करणारं गाणं सुरू होतं. आज कुणी तोंड उघडत नाही. आणि एकही माणूस वर बघत नाही, मल्हा. मघापासून बघतोय मी. इतकी डोकी आहेत, पण या खिडकीकडे एकाची मान वळत नाही.

मल्हा : कामात आहेत.

बेलाईद : मोहंद लोहाराकडे मीच नेलं होतं गाव. तो असाच खिडकीत बसला होता, घोंगडं पांघरून. मी सगळ्यांना बजावलं होतं, वर बघू नका रे, त्याच्या डोळ्याला डोळा भिडला तर आपल्याला रडू येईल. मोहंद पुढची ईद बघायला राहिला नाही. डोंगरावरच्या पिराची शपथ घे.

मल्हा : कशाची शपथ?

बेलाईद : म्हण, पिराची शपथ, माझ्या नवऱ्याला फक्त सूज आहे. एवढंच म्हण. मी अंथरुणावर पडतो आणि गप्प कॉफी पितो.

मल्हा : उगाच शपथा घालू नये.

बेलाईद : म्हण, मल्हा.

मल्हा : नाही म्हणता येत हो मला. पिराला मेंढ्याचा नवस बोललेय मी. त्याच्याशी खोटं कसं बोलू?

बेलाईद : हं.

मल्हा : बसा. अहो, बसा आधी.

बेलाईद : काय आहे?

मल्हा : तेच आहे. तो आजार. आतड्यात.

बेलाईद : नाव घे.

मल्हा : घरात नाव घेत नाहीत त्याचं.

बेलाईद : कॅन्सर.

मल्हा : अल्ला, दूर ठेव, दूर ठेव! कशाला घेतलंत नाव? इतके दिवस मी या घरात तो शब्द उंबऱ्याच्या आत येऊ दिला नव्हता. देवा, काय केलंत हे!

बेलाईद : माझ्या पोटात येऊन बसलाय तो, आणि तू उंबरा राखत बसलीस? मला वाटत होतं, मी नुसता विचारतोय आणि तू हसशील. म्हणशील, म्हातारा चळलाय.

मल्हा : मलाही वाटत होतं, एक दिवस उठेन आणि तो डॉक्टर म्हणेल, बाई, चूक झाली.

बेलाईद : कधी कळलं तुला?

मल्हा : अल्जियर्सला. तुम्ही बाकावर बसून त्या ओरानच्या म्हाताऱ्याशी भांडत होतात ना, कुणाचं तेल चांगलं म्हणून? तेव्हा डॉक्टरनं मला आत बोलावलं. आपल्या तावसला सगळं समजलं, लेक शिकलेली. मला एकच शब्द समजला. बाहेर आले तर तुम्ही म्हणालात, बघ, मी जिंकलो.

बेलाईद : परत येताना बसमध्ये तू मला संत्रं सोलून दिलंस.

मल्हा : दिलं.

बेलाईद : तेव्हा माहीत होतं?

मल्हा : होतं. घरी येऊन दिवा लावला तर सालं मुठीतच होती. टाकून द्यायचं सुचलंच नाही मला.

बेलाईद : आणि मी त्या बसमध्ये म्हणालो, संत्रं आंबट आहे!

मल्हा : आंबटच होतं.

बेलाईद : अजून कुणाकुणाला माहीत आहे?

मल्हा : तावसला. इमामसाहेबांना. अक्लीभाऊंना, आता ते प्रमुख आहेत म्हणून.

बेलाईद : आणि?

मल्हा : आणि त्यांच्या बायकांना.

बेलाईद : म्हणजे गावातल्या गाढवांनाही. फक्त मला नाही! थांब, थांब. काल जुम्म्याला मला धरून मशिदीत नेलं. इमामांनी दुआ मागितली, आपल्यातल्या आजारी भावासाठी. नाव घेतलं नाही. लोक असे ओरडले आमीन म्हणून, की छतातली कबुतरं उडाली. मल्हा, मीही म्हणालो आमीन! मनात म्हटलं, बिचारा कोण आहे कोण जाणे.

मल्हा : बरं केलंत. स्वतःच्या दुआला स्वतःचं आमीन लागलं.

बेलाईद : हसू नकोस.

मल्हा : हसत नाहीये हो. हे हसणं दिसतंय का तुम्हाला?

बेलाईद : पण गावाला का सांगितलंस? माझी अब्रू अशी झाडाझाडावर का टांगलीस?

मल्हा : कारण तुम्ही हटून बसलात! जैतून उतरल्याशिवाय अल्जियर्सला पाऊल टाकणार नाही म्हणालात. उद्या रविवारी खाट रिकामी होतेय, तिथं ते औषध शिरेतून चढवायला सुरुवात करणार. उद्या नाही गेलो तर खाट दुसऱ्याची. मी काय करू? या गुडघ्यांनी शिडी चढू? तावसला शहरातून बोलावून झाडावर चढवू? गेले अक्लीभाऊंकडे, पदर पसरला. म्हटलं, त्यांचं निमित्त तेवढं काढून घ्या.

बेलाईद : चांगलं काढलंत. आता ऐक. मी नाही जाणार.

मल्हा : काय?

बेलाईद : मी प्रमुख असताना असं न बोलावता गाव ज्या ज्या घरी नेलं, त्यातला एकही माणूस उठला नाही. एकही नाही. गाव कधी चुकत नाही. मग कशाला त्या सुया, आणि कशाला ती खाट? इथंच पडतो. ही खिडकी आहे.

मल्हा : अहो, असं नका करू! माझ्या हातून हे झालं का? मी वाचवायला गेले, आणि मीच... थांबा, जिन्यात कुणीतरी आहे. अक्लीभाऊ! बरं झालं आलात. यांना सगळं कळलंय.

अक्ली : काय कळलंय? कसं कळेल, वहिनी? बेलाईद, गड्या, ते काय आहे, आम्ही आपलं रस्ता साफ करायला निघालो होतो, तर म्हटलं वाटेत...

बेलाईद : अक्ली, तुला लहानपणापासून थाप मारता आली नाही. कान लाल होतात तुझे. बस.

अक्ली : वहिनी, तुम्ही सांगितलंत?

मल्हा : मी नाही. तुमच्या बायका गायल्या नाहीत, त्यावरून ओळखलं यांनी.

अक्ली : अरे देवा. ते माझंच डोकं. मीच सकाळी सगळ्यांना दम दिला, तोंडं बंद ठेवा, आजारी माणूस झोपलाय. म्हटलं आवाज नसला म्हणजे त्याला पत्ता लागणार नाही.

बेलाईद : गाढवा, जैतुनाच्या दिवसात गप्प बसलेलं गाव बहिऱ्यालासुद्धा ऐकू येतं!

अक्ली : चुकलं. काय करू, मलाही धक्का बसला होता. वहिनींनी सांगितलं तेव्हा मी दुकानाच्या पायरीवर बसलो तो संध्याकाळपर्यंत बसलो. बायको म्हणाली, गिऱ्हाईक आलंय. मी म्हटलं, जाऊ दे. गड्या, तू माझ्यापेक्षा धाकटा आहेस रे.

मल्हा : अक्लीभाऊ, हे जाणार नाही म्हणतायत उद्या. म्हणतात, गाव ज्याच्या घरी आलं तो उठत नाही.

अक्ली : असं म्हणतोस? बरं. मग एक सांग. मोहंद लोहाराची तिविझी झाली, ती परत कुणी फेडली?

बेलाईद : त्याच्या मुलांनी. दोघं आले होते इद्दीरच्या भिंतीला.

अक्ली : आणि त्या विधवा वर्दियाची?

बेलाईद : तिच्या जावयानं. ज्या घरानं गावाचा दिवस घेतला, त्यानं गावाला दिवस द्यायचा. घरातून एक माणूस. नाहीतर दंड. हे काय विचारणं झालं? मीच तर हा नियम कडक केला.

अक्ली : कडक म्हणजे केवढा! माझ्या सख्ख्या मेहुण्याला तू भर चावडीत दंड लावलास, त्याला ताप होता तरी. म्हणालास, तापाला सूट नाही. मग तुझ्या घरातून कोण येणार, सांग. तावस अल्जियर्सला. वहिनींना शिडी चढवत नाही. मुलगा तुला नाही, जावई अजून केला नाहीस. पुढच्या वर्षी इद्दीरचं जैतून आहे. आज त्याचं मागं पडलं, ते तुझ्यामुळे. मी नाव कुणाचं धरू?

बेलाईद : अक्ली, मला कॅन्सर आहे.

अक्ली : असेल. कॅन्सरला सूट आहे असं तू कधी म्हणाला नव्हतास.

मल्हा : अहो, असं काय बघताय त्यांच्याकडे?

बेलाईद : बघतोय, हा इतका हलकट कधीपासून झाला.

अक्ली : तू प्रमुख होतास तेव्हापासून. आणि हे बघ, लिहिलेलं कुणाच्या हातात नाही, ते वरच्याच्या हातात. पण पाऊस लिहिलेला असतो तरी आपण पाट खणतोच ना? उद्या पहाटे माझी गाडी दाराशी आहे. इमामसाहेब येतायत बरोबर. तिथं पोरींनी आधीच ठरवून घेतलंय, कुणी कधी तुझ्याजवळ बसायचं. आपल्या गावच्या अल्जियर्सला दिलेल्या सगळ्या लेकी. रोज एकीच्या घरून डबा. तुझं नेमकं अडतंय कशावर, सांग मला.

बेलाईद : भीती वाटतेय. बस, तेवढंच. सकाळपासून पोटात गोळा आलाय, आणि आता तर गोळ्याचं नावही कळलं.

अक्ली : मलाही वाटतेय रे.

मल्हा : मला तर बसमधल्या त्या संत्र्यापासून वाटतेय.

बेलाईद : अक्ली, माझ्या बापाच्या झाडाखाली ती कोण बसलीय? काळा रुमाल बांधलेली. पाठमोरी.

अक्ली : ओळखलं नाहीस?

बेलाईद : ओळखलं. खरं वाटत नाही म्हणून विचारतोय. दाहबिया? माझी बहीण? बापाच्या झाडांत वाटा मिळाला नाही म्हणून तिनं या बागेत पाय न टाकण्याची आण घेतली होती!

अक्ली : सगळ्यात आधी ती आली. मी शिडी घेऊन पोचलो तेव्हा तिची अर्धी टोपली भरली होती. कुणाशी बोलली नाही.

बेलाईद : मल्हा, कुसकुस लाव.

मल्हा : आत्ता? अख्ख्या गावाला? घरात मांसाचा तुकडा नाही हो!

बेलाईद : हरभरे घाल, भोपळा घाल. तेल भरपूर ओत, आता काय, नवं येतंय. मेलेल्याच्या घरी माणसं स्वतःची भाकरी खातात. माझ्या घरी नाही. मोठं पातेलं शेजारून आण. आणि मला हात दे, खिडकी पूर्ण उघड.

मल्हा : गार वारा आहे, डोंगरावर बर्फ पडलंय.

बेलाईद : उघड म्हणतो ना! नियम तो नियम. बोलावलेलं नाही म्हणून ही तिविझी अशुभ. मग बोलावतो. आता बोलावलं तर काय बिघडलं? अक्ली, तू साक्षीला आहेस.

अक्ली : आहे.

बेलाईद : अहो गावकरी! इद्दीर, वर बघ! सगळे वर बघा! मी बेलाईद, तुम्हाला माझ्या जैतुनाला बोलावतोय! दुपारी जेवल्याशिवाय कुणी जायचं नाही! उद्या मी अल्जियर्सला चाललोय, त्या आजारावर औषध घ्यायला! पुढच्या वर्षी इद्दीरच्या झाडावर मी स्वतः चढणार, माझा दिवस मी फेडणार! आणि बायांनो, मेल्या माणसाच्या दारात बसल्यासारख्या काय बसलात? गा की!

(फांद्या हलायच्या थांबतात. मग खालून एक बाई एकटीच गाऊ लागते.)

मल्हा : अगंबाई. कोण हो ही?

अक्ली : दाहबिया.

बेलाईद : शेंबडी होती तेव्हापासून बेसूर आहे.

मल्हा : दमलात तुम्ही. वारा लागेल, मी खिडकी लावते.

बेलाईद : राहू दे. लावू नकोस.