पूर्वेची गाडी, पूर्वीची गाडी

सन्माननीय अध्यक्ष काशिनाथराव, व्यासपीठावरचे ईस्टर्न लाइनचे ड्रायव्हर ग्रॅहमसाहेब, आज ज्यांना निरोप द्यायला जमलोय त्या सुलेखाताई, आणि तमाम हॅमिल्टनकर मंडळी, नमस्कार आणि इथल्या माओरी भाषेत किया ओरा.

हॉस्पिटलातल्या नर्स म्हणून सुलेखाताईंना सगळेच ओळखतात. रविवारी मात्र त्या ईस्टर्न लाइन या सहलीच्या गाडीच्या हौशी गार्ड. ताई तिला लाडाने ‘पूर्वेची गाडी’ म्हणायच्या. पूर्वेचं नाव लावणाऱ्या केवढ्या रेल्वे कंपन्या आपण शाळेत वाचल्या, राहिल्या का त्या? आपली ही छोटी लाइनही त्याच वाटेवर होती. डबे रिकामे धावायचे. शेवटी लाइन चालवणाऱ्या संस्थेने ठरवलं, येत्या रविवारी गाडी भरली नाही तर लाइन बंद, रूळ उखडायचे. ताई त्या दिवशी रडल्या. हे त्यांच्या यजमानांनी मला सांगितलंय. गुरुनाथराव, रागावू नका.

मग ताईंनी आपल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज टाकला. लिहायचं होतं, ‘पूर्वेची गाडी वाचवायला या.’ नाव सुलेखा, पण ड्यूटीवरून दमून आलेलं बोट घसरलं आणि मात्रेच्या जागी वेलांटी पडली. आपण वाचलं, ‘पूर्वीची गाडी’. मराठी माणसाला नटायला आणखी काय निमित्त हवं?

रविवारी अल्बनीहून मधुवंतीबाई आल्या त्या नऊवारीत, नथ घालून. ‘ते रापा’ उपनगरातल्या दूध फॅक्टरीतले शुभमराव धोतरात, पायात मात्र जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला. कुणाकडे वळकटी, कुणाकडे फिरकीचा तांब्या. ताई हिरवा झेंडा धरून बघतच राहिल्या.

“अहो, हे काय घालून आलात?”

“तुम्हीच लिहिलंत ना ताई, पूर्वीची गाडी म्हणून?”

ग्रॅहमसाहेबांना वाटलं, आपण मराठी माणसं रोज असेच फिरतो. ते “स्वीट ॲज”, म्हणजे ‘झकास’, म्हणाले आणि त्यांनी शिट्टी दिली.

गाडीत उभं राहायला जागा नव्हती. पेपरात फोटो आले, मग किवी मंडळीही आजोबांचे कोट चढवून यायला लागली. संस्थेने निर्णय मागे घेतला. नर्सबाईंच्या वेलांटीची मात्रा लागू पडली. आपण जिंकलो, आणि याचा मला फार अभिमान वाटतो.

ताई उद्या लेकीकडे पामर्स्टन नॉर्थला राहायला जातायत. त्यांच्या मानासाठी पहिल्या डब्यावर मराठी पाटी लागतेय. मजकूर विचारला, तर ताईंनी आठवणीने मात्रा देऊन ‘पूर्वेची गाडी’ लिहून दिलं. मंडळाने ती दुरुस्ती एकमताने फेटाळली आहे. पाटी वेलांटीसकट रंगून तयार आहे.

आपण प्रेमाने ऐकलंत, मनापासून आभार. बोलण्यात काही चुकलं असेल तर पोटात घाला. दुरुस्त मात्र करू नका.