शेवाळाचा उच्चांक

विषय — आमची गीतांजली हिला उत्तर ध्रुवाकडे दुसऱ्यांदा पाठवण्याबाबत. हसू नका, जन्म कारकुनीत गेला, लेकीचं सांगतानाही आधी विषय टाकावा लागतो. संदर्भ — तिचा अर्ज. मुखेडच्या गाडीला अवकाश आहे ना? मग ऐका. ध्रुवाकडं नुसतं बर्फ न्हाई बरं का — जमीन हाय, जमिनीवर शेवाळ, शेवाळ खाणारं हरीण, मेलेलं हरीण खाणारा कोल्हा. शेत न्हाई, शिवार न्हाई, आणि त्या कोल्ह्याच्या चरबीत निघालं काय? बीएचसी! हाव, तीच पावडर, बंदी यायच्या आधी आपण किडीसाठी ज्वारीवर धुरळायचो ती. गेली कशी म्हणता? बदलीवर! उन्हानं तापली की वाफ होऊन वाऱ्यावर बसते, गारवा लागला की उतरते, पुन्हा तापते, पुन्हा बसते — असं करत करत पार ध्रुवावर. तिथं एवढी थंडी की पुढची बदलीच न्हाई. कायम! शेवाळ तिला धरून ठेवतं, हरणात ती साठते, कोल्ह्यात त्याहून जास्त. आमच्या गावचा माणूस विमानात बसायच्या आधी आमची पावडर जग बघून आली, बोला!

हे मला लेकीनंच शिकवलं. अभ्यासाला गेली होती तिकडं — आणि तिनं आणलेल्या एका शेवाळात एवढी निघाली, एवढी, की तिचे साहेब म्हणाले असा आकडा आजवर कुणाला सापडला न्हाई. मी गल्लीत पेढे वाटले. वाटणारच की! तिनं लगेच अर्ज केला, पुन्हा पाठवा, त्याच जागेचं आणखी आणते. तर साहेब लोक म्हणतात, हा एकच नमुना बाकीच्यांशी का जुळत न्हाई, ते आधी सांगा. आता हुशार पोरीचं बाकीच्यांशी कधी जुळतं का?

शेवटच्या दिवशीचं शेवाळ ते. हाफिसच्या पिशव्या संपलेल्या, पण पोरगी हिकमती — लाडवाचा डबा ज्या पिशवीत नेला होता, तीच झटकून घेतली. आमच्या गल्लीतल्या केवळाबाईनं शिवलेली, मांजरपाटाची. आणि लाडू कसे पोचले माहीत हाय? एक मुंगी न्हाई! लागेल कशी? डब्याखाली, पिशवीच्या तळाला मी स्वतः — जुना साठा हाय हो घरात, बंदीच्या आधीचा, अजून तसाच कडक — चिमूटभर न्हाई, चांगली मूठभर —

काय? न्हाई. काही न्हाई.

असं बघू नका हो माझ्याकडं.

परवा फोनवर विचारून राहिली होती, बाबा, त्या पिशवीत आधी काय होतं? म्हटलं, लाडू. खोटं काय त्यात? लाडूच होते.

ती बघा, मुखेड लागली. उठा, जागा मिळायची न्हाई. मी? मी येतो मागच्या गाडीनं. जरा फोन लावायचाय.

अर्जाचं? प्रलंबित आहे.